शेळ्यांचं कायमचं कुंपण स्वतः घालायचंय? आधी कोपरा शिका

वाचकाचं पत्र

आमची माण तालुक्यात एक एकर माळाची जमीन आहे, 180 बाय 242 फूट. 35 उस्मानाबादी शेळ्या, एक बोकड आणि दोन गाई आहेत. चिलारीचं आणि दगडाचं जुनं कुंपण जागोजागी ढासळलंय, शेळ्या रोज शेजारच्या ज्वारीत जातात आणि रोज बोलणी खावी लागतात. शेजारचे काका म्हणतात, पाच पदरी काटेरी तार मार. कंत्राटदार जाळी सांगतो, पण त्याने गावात घातलेलं कुंपण दोन पावसाळ्यांत आत झुकलं. हे काम मला आणि माझ्या भावाला शिकून घ्यायचंय आणि स्वतः करायचंय. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण प्रत्येक जण वेगळं सांगतो. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, वय 26, ता. माण, जि. सातारा

आमचं उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ आहे ती झुकलेल्या कुंपणाची. एकदा तिथे जाऊन नीट बघून या. मधले पोल बहुधा सरळच असतील. आत झुकला असेल तो कोपऱ्यातला पोल. कोपरा ढिला पडला की तारा सैल होतात, तारा सैल झाल्या की जाळीला पोट सुटतं. मग शेळी त्यावर पुढचे पाय टेकते आणि उरलेलं काम तीच पुरं करते. व्हिडिओंमध्ये जाळी उलगडायला आणि बांधायला जेवढा वेळ देतात, त्याचा दहावा हिस्साही कोपऱ्याला देत नाहीत. तुम्ही मात्र कोपराच आधी शिका.

काकांच्या काटेरी तारेबद्दल आधी सांगतो, कारण खरेदीला जाण्यापूर्वी हे ठरायला हवं. गाई-बैलांना चार-पाच पदरी काटेरी तार चालते. गाय अंग घासायला येते, काटा टोचतो, ती मागे होते. शेळीचं तसं नाही. ती दोन तारांच्या मधून आधी डोकं घालते आणि मग अंग. करडं तर खालच्या तारेखालून सरळ निघून जातात. दुभत्या शेळीची कास काट्याला अडकून फाटली तर ते दुखणं महिनोनमहिने पुरतं. बाहेरून कुत्रं येणार असेल तर त्यालाही ही तार अडवत नाही. तुमच्या कळपाला जाळीच हवी.

आता कोणती जाळी ते बघू. बाजारात चेनलिंक, म्हणजे चौकटी-चौकटीची विणलेली जाळी, 2 इंची आणि 3 इंची मिळते. तुम्ही 2 इंची, 12 गेजची, 5 फूट उंचीची घ्या. 3 इंची जाळीत लहान करडू डोकं घालतं आणि ते त्याला मागे घेता येत नाही. 6 इंची चौकोनांची जाळी तर शिंगाळ्या शेळीसाठी सापळाच आहे. डोकं आत जातं, शिंगं अडकतात, आणि कुत्र्यांची टोळी आली तर ती शेळी जागेवरच सापडते. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे लक्षात असू द्या: 8 गेज म्हणजे सुमारे 4 मिलिमीटर, 10 गेज म्हणजे सव्वातीन, 12 गेज म्हणजे 2.6 आणि 14 गेज म्हणजे 2 मिलिमीटर. दुकानात 12 म्हणून 13 किंवा 14 गेजची जाळी गळ्यात मारली जाते, आणि नुसत्या डोळ्यांना तो फरक कळत नाही. तेव्हा काटा लावा. 2 इंची, 12 गेज, 5 फूट उंच आणि 50 फूट लांब गुंडाळी साधारण 40 ते 42 किलो भरायला हवी. 30 किलोच्या आसपास भरली तर तार बारीक आहे किंवा चौकटी मोठ्या आहेत. भाव नेहमी किलोवर विचारा, फुटावर नको.

दुसरी गोष्ट जस्ताच्या मुलाम्याची. हलक्या तारेवर चौरस मीटरला साधारण 40-60 ग्रॅम जस्त असतं, तर जाड मुलाम्याच्या तारेवर 200 ग्रॅमच्या पुढे. दोन्ही नव्या असताना सारख्याच चमकतात. दुकानदाराकडून जस्ताचे ग्रॅम बिलावर लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा. रंगीत प्लास्टिकचं वेष्टण असलेली जाळी बघायला छान दिसते, पण आतली तार कशी आहे ते दिसत नाही आणि शेळ्या ते वेष्टण कुरतडतात.

तुमच्या जमिनीची मापं गुणली की 43,560 चौरस फूट येतात, म्हणजे बरोबर 40 गुंठे. चारी बाजू मिळून 844 फूट. (हाच एकर 66 फूट रुंद आणि 660 फूट लांब पट्टीत असता, तर 1,452 फूट कुंपण लागलं असतं. जमीन चौकोनी आहे ही तुमची मोठीच बचत.) 12 फुटांचं फाटक वजा केलं तर 832 फूट जाळी लागते, म्हणजे 50 फुटी 17 गुंडाळ्या.

पण पहिला खड्डा काढण्यापूर्वी मोजणी करून घ्या. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यांच्यासमक्ष खुणा दाखवतात आणि पुढे 'क' प्रत नकाशा मिळतो. वडील म्हणतात बांध आपलाच आहे, शेजारीही तेच म्हणतात, आणि सिमेंटचा पोल एकदा बसला की त्या बोलण्याचं भांडण होतं. सामाईक बांधावर पोल उभा करू नका. आपल्या हद्दीत दीड-दोन फूट आत या. उद्या जाळीच्या बाहेरून गवत काढायला, तार ताणायला तुम्हालाही उभं राहायला जागा लागेल. पाणंद, शिवरस्ता किंवा मेंढरं जायची जुनी वहिवाट तुमच्या जमिनीला लागून असेल तर ती मोकळीच ठेवा. वहिवाटीचा रस्ता अडवल्याची तक्रार मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जाते आणि अडथळा काढायचा आदेश निघू शकतो. नवं कुंपण स्वतःच्या हाताने काढायची वेळ येऊ नये.

सामानाचा हिशेब

पोल सिमेंटचे घ्या. लोखंडी अँगल हलका असतो आणि लवकर उभा राहतो, पण जमिनीच्या पातळीवर गंज धरतो, आणि गोमूत्र-लेंड्यांच्या जागी तर फारच लवकर. मधल्या पोलांना 7 फूट लांबी पुरे, त्यातले 2 फूट जमिनीत. कोपऱ्याचे, फाटकाचे आणि मधले ताण घेणारे पोल 8 फुटी, त्यातले 3 फूट जमिनीत. दोन पोलांत 8 फूट अंतर ठेवा. 10 फुटांवर पोल लावून पैसे वाचतात खरे, पण शेळ्या जाळीवर उभ्या राहतात, त्यांच्यासाठी ते अंतर जास्त होतं.

या हिशेबाने तुमच्या चार बाजूंना मिळून 105 पोल बसतात. त्यात 4 कोपरे, फाटकाचे 2 आणि मधले भक्कम 5, म्हणजे 11 पोल 8 फुटी. मधले भक्कम असे: फाटक 180 फुटांच्या एका बाजूच्या मध्यावर घ्या, तिथे फाटकाचेच पोल ताण घेतील, समोरच्या 180 फुटांच्या बाजूला मध्यावर 1, आणि 242 फुटांच्या दोन्ही बाजूंना साधारण 80-80 फुटांवर 2-2. राहिलेले 94 पोल 7 फुटी. शिवाय 20 तिरके टेकू लागतात (कोपऱ्याच्या आणि मधल्या भक्कम पोलांना दोन-दोन, फाटकाच्या पोलांना एकेक; कंत्राटदार त्यांना 'सपोर्ट' म्हणतात), तेही 7 फुटी पोलांचेच. वाटेत फुटणारे धरून 7 फुटी 118 आणि 8 फुटी 12 मागवा. पोल घेताना चार सळ्या आहेत का ते टोकाला बघा, आणि ओतून किती दिवस झाले ते विचारा. तीन आठवडे पाणी न मारलेला पोल ट्रॉलीतून उतरवतानाच तडकतो. तारेसाठी भोकं किंवा आकडे कारखान्यातच ठेवून घ्या: जमिनीपासून 2 इंचांवर, अडीच फुटांवर आणि 4 फूट 10 इंचांवर.

जाळीला आधार देणाऱ्या आडव्या तारा तीन: वर, मध्ये, खाली. 10 गेजची तार मीटरला 65 ग्रॅम भरते. तीन पदर मिळून साधारण 760 मीटर होतात, म्हणजे 50 किलो. वाया जाणारी धरून 55 किलो घ्या. या तारांशिवाय जाळी नुसती पोलांना बांधून देणारे कंत्राटदार आहेत. त्यात वरची कड वर्षभरात लोंबायला लागते. जाळी पोलाला बांधायला 14 गेजची 7 किलो आणि जाळी आडव्या तारांना बांधायला 16 गेजची 5 किलो तार पुरेल. ही बांधायची तारही जस्ताची घ्या. सळ्या बांधायची काळी बाइंडिंग तार स्वस्त म्हणून वापरतात, ती दोन पावसाळ्यांत गळून पडते आणि चांगली जाळी सुटी होते.

सिमेंट किती लागेल हे खड्ड्यावर ठरतं, आणि पैसे वाचवायची खरी जागा इथेच आहे. हाताने काढलेला 1 फूट बाय 1 फूट, 2 फूट खोल खड्डा भरायला एका गोणीत चार-पाचच पोल होतात. खड्डे काढायच्या मशीनने 9 इंच व्यासाचा गोल खड्डा काढला तर एका गोणीत 12 पोल होतात. 94 पोलांना एकवीस गोण्यांऐवजी 8 पुरतात. प्रमाण 1:3:6, म्हणजे एक घमेलं सिमेंट, तीन वाळू, सहा खडी. ताण घेणाऱ्या 11 पोलांना मात्र दीड बाय दीड फूट, 3 फूट खोल खड्डा आणि 1:2:4 चं काँक्रीट. तिथे पोलाला एक गोणी आणि वर थोडं लागतं, एकूण बारा-तेरा गोण्या. टेकूंच्या पायांना दोन-अडीच आणि फाटकाच्या उंबऱ्याला एक-सव्वा. सगळं मिळून 24-25 गोण्या. एकदम आणू नका. आठ-आठ आणा, नाहीतर गोणी दमट होऊन खडे धरते.

माळावर कडक मुरूम लागतो, तिथे मशीन नाचतं पण खाली जात नाही. आदल्या संध्याकाळी खड्ड्याच्या जागी बादलीभर पाणी ओतून ठेवा, सकाळी पहार चालते. हे काम दिवाळीनंतर धरा. तेव्हा जमिनीत ओल असते आणि काँक्रीटही उन्हाने तडकत नाही. मे महिन्यात हीच जमीन दगडासारखी होते. कुठे काळ्या मातीचा पट्टा असेल तर तिथले खड्डे 3 फूट न्या आणि पोलही लांब घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पोलाला दरवर्षी थोडंथोडं हलवत राहते.

कोपरा

कोपऱ्याच्या पोलाला दोन बाजूंच्या तारा ओढतात. म्हणून त्याला दोन टेकू लागतात, एकेका बाजूच्या तारांच्या ओळीत एकेक. तार ज्या दिशेला ओढते त्याच दिशेला टेकू असायला हवा. पोल तिकडेच झुकणार असतो, आणि टेकू त्याला तिकडून अडवतो. गावोगाव दिसणारी चूक अशी की दोन टेकूंच्या जागी एकच टेकू, तोही कोपऱ्यातून वाड्याच्या मध्याकडे तिरका उभा केलेला. तो कोणत्याच तारेच्या ओळीत नसतो. शिवाय शेळ्यांसाठी ती चढायची शिडी होते: टेकूवर चढायचं, पोलाच्या डोक्यावर पाय द्यायचा आणि बाहेर उडी मारायची. टेकू तारांच्या ओळीत असेल आणि जाळी आतल्या बाजूने बांधली असेल, तर शेळीला टेकूवर पाय ठेवताच येत नाही.

टेकूचं डोकं पोलाला जमिनीपासून सव्वातीन-साडेतीन फुटांवर टेकवा आणि त्याचा पाय पोलापासून 5 फूट दूर रोवा. पाय जवळ घेतला, म्हणजे टेकू फार उभा झाला, की ताण आल्यावर तो पोलाला आडवा रोखण्याऐवजी वर उचलतो. पाऊस पडून जमीन मऊ झाली की पोल काँक्रीटच्या गोळ्यासकट वर येतो. झुकलेल्या कुंपणात हे हमखास दिसेल. टेकूच्या पायाला एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. त्याच्या मागच्या भिंतीला टेकूला काटकोनात बसेल असा एक चपटा दगड लावा, मग काँक्रीट भरा. तो दगड नसेल तर टेकू मुरुमात हळूहळू रुतत जातो. डोक्याच्या जागी टेकू पोलाला पुरता भिडला पाहिजे. 10 गेजच्या तारेचे तीन वेढे घालून पिळा मारा आणि फट 1:3 च्या मसाल्याने भरून घ्या.

पोल उभा करताना ओळंबा दोन बाजूंनी लावा. ताण घेणारा पोल बाहेरच्या अंगाला एक बोट कललेला ठेवला तर चांगलं, ताणल्यावर तो सरळ येतो. काँक्रीट सहा-सहा इंचांच्या थरांत भरून सळईने कोचा, हवा राहू देऊ नका. वरचा माथा जमिनीपेक्षा इंचभर उंच आणि बाहेरच्या बाजूंना उतरता करा, म्हणजे पोलाच्या बुडाशी पाणी साचणार नाही. 1:2:4 च्या मालाला गोणीमागे 25 ते 28 लिटर पाणी पुरतं. पसरायला सोपं जातं म्हणून पातळ माल केला तर त्याची ताकद जाते. ओलं गोणपाट गुंडाळून सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. टेकू आणि पोल एकाच दिवशी बसवा. पोल ताणल्यावर झुकतोय म्हणून मग टेकू लावणं म्हणजे आजार झाल्यावर लस टोचण्यासारखं आहे. कोपऱ्यांना निदान 14 दिवस द्या, तोवर त्यांना तार बांधू नका.

मधले पोल आणि दोरी

कोपरे पक्के झाले की दोन कोपऱ्यांमध्ये आतल्या बाजूने दोन दोऱ्या ताणा, एक वर, एक जमिनीपासून वीतभर. पोल दोरीला चिकटवू नका, अर्धं बोट अंतर ठेवा. एक वाकडा पोल दोरी ढकलतो आणि त्याच्यामागचे सगळे त्याच्याबरोबर वाकडे जातात. कोपरा काटकोनात आहे का ते 9-12-15 ने बघा: एका बाजूवर 9 फुटांवर खूण, दुसऱ्यावर 12 वर, दोन खुणांमधलं अंतर बरोबर 15 भरलं पाहिजे.

पोलांची डोकी पाणसळीला समान करायच्या नादात खाली जाळी अधांतरी राहते. जमीन जशी जाईल तसं कुंपण जाऊ द्या. जिथे चढ किंवा खळगा एकदम येतो, तिथे मधला भक्कम पोल घ्या. खळग्यातल्या पोलाला तार वर उचलते, तेव्हा तो 3 फूट खोल हवा.

ओघळ असेल तर तिच्यावरून जाळी सलग नेऊ नका. पावसाळ्यात काडीकचरा अडकून जाळीची भिंत होते आणि पाणी दोन्हीकडचे पोल घेऊन जातं. दोन्ही काठांवर कुंपण संपवा. मधे वरच्या एका तारेला जाळीचा सुटा पल्ला टांगा, त्याचं बूड मोकळं ठेवा. पूर आला की तो वर उचलला जातो. पूर ओसरला की परत खाली येतो.

ताणणं

आधी तीन आडव्या तारा, मग जाळी. तार हाताने किंवा पक्कडीने ओढून पुरत नाही. तार ताणायचा रॅचेट किंवा लहान चेन पुली भाड्याने आणा. ट्रॅक्टरला बांधून ओढू नका. किती ताण आला ते चालकाला कळत नाही, आणि कळतं तेव्हा कोपरा हललेला असतो. ताणलेल्या तारेच्या सरळ रेषेत कोणी उभं राहायचं नाही. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. तारेवर मधोमध ओलं गोणपाट टाकून ठेवा, म्हणजे तुटली तरी ती चाबकासारखी फिरत नाही. भावाला हे ऐकवलंच पाहिजे, घाईत याच गोष्टी राहून जातात.

किती ताणायचं? लोखंड उन्हाने वाढतं आणि थंडीने आखडतं. 100 मीटर तारेत 25 अंशांच्या फरकाने सुमारे 3 सेंटिमीटर फरक पडतो. थंडीतल्या सकाळी कडक ताणलेली तार एप्रिलमध्ये थोडी सैल दिसेल, ते चालतं. एप्रिलच्या दुपारी कडक ताणली तर डिसेंबरात ती कोपऱ्यांना ओढेल, म्हणून दुपारी ताणताना हात थोडा राखा.

जाळी वाड्याच्या आतल्या बाजूला बांधायची. जनावर दाबतं तेव्हा ती पोलावर टेकते. बाहेरून बांधली तर सगळा दाब बांधायच्या तारांवर येतो आणि त्या एकेक सुटत जातात. सुरुवातीच्या टोकाच्या चौकटींतून 8 मिलिमीटरची सळई उभी ओवा आणि ती सळई कोपऱ्याच्या पोलाला चार-पाच ठिकाणी बांधा. गुंडाळी पुढच्या भक्कम पोलापर्यंत उलगडा. तिथे पुन्हा सळई ओवून पुलीचे दोन आकडे लावा, एक वरच्या तिसऱ्या भागात, एक खालच्या. एकच आकडा मध्ये लावला तर कडा सैल राहतात. बोटांनी एक चौकट आवळून बघा. पाव इंचाच्या आसपास दबली तर ताण ठीक आहे, सहज मिटली तर अजून ओढा. मग आधी वरच्या तारेला, नंतर खालच्या, शेवटी मधल्या तारेला दर दोन फुटांवर बांधा. दोन गुंडाळ्या जोडताना एका टोकाची एक उभी तार फिरवून काढा आणि तीच दोन्ही टोकांतून फिरवत ओवा. जोड कुठे आहे ते ओळखूही येत नाही. गाठी मारून केलेला जोड बोकडाच्या पहिल्याच धडकेत उघडतो.

फाटक, खालची फट आणि रात्र

फाटक 12 फुटांचं ठेवा, ट्रॉली वळून आत यायला 10 फूट कमी पडतात. दोन पल्ले करा. पल्ल्यातली तिरकी पट्टी खालच्या बिजागरीकडून वरच्या कडीकडे जाणारी असावी, म्हणजे पल्ला खाली झुकत नाही. वरची बिजागरी उलटी बसवा, नाहीतर शेळीच्या पाठीने पल्ला उचलून निघतो. कडी अशी हवी की जिभेने किंवा ओठाने उघडणार नाही. शेळी ते नक्की करून बघते. फाटकाखाली 9 इंच रुंद आणि तेवढाच खोल काँक्रीटचा उंबरा घाला आणि तो दोन्ही पोलांच्या काँक्रीटला जोडून घ्या, त्याने पोल एकमेकांकडे ओढले जात नाहीत. गव्हाण, पाण्याची टाकी, दगडांचा ढीग कुंपणापासून सहा फूट आत ठेवा. त्यावर चढून शेळी बाहेर गेली, तर दोष जाळीचा नसतो.

कुत्री आणि लांडगे वरून कमी आणि खालून जास्त येतात. सगळीकडे जाळी पुरायची गरज नाही, मुरुमात उकरणं त्यांनाही जड जातं. मऊ माती असेल तिथे, ओघळीजवळ आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना जाळीला लागून बाहेर दीड-दोन फूट रुंद जाळी जमिनीवर सपाट पसरा, मूळ जाळीला बांधा आणि वर शेतातले दगड रचा. माळावर दगडांना तोटा नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, पाच फुटी कुंपण म्हणजे बिबट्यापासून संरक्षण नव्हे. तो चढून येतो. रात्री कळप बंद गोठ्यात, वरूनही जाळी असलेल्या जागेतच हवा.

झटका मशीनबद्दल, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राबद्दल, तुम्ही विचारलं नाही, तरी बोकडामुळे सांगतो. तो जाळीला धडका द्यायला लागला, तर आतल्या बाजूने फूटभर उंचीवर, इन्सुलेटरवर एकच तार घेऊन तिला प्रमाणित मशीन जोडा. जमिनीत सहा-सहा फुटी तीन अर्थिंग सळ्या एकमेकींपासून 10 फुटांवर ठोका. कोरड्या मुरुमात उन्हाळ्यात झटका लागत नाही, तेव्हा त्या सळ्यांच्या बुडाशी पाणी घालत राहावं लागतं. घरच्या विजेची तार थेट कुंपणाला कधीही जोडू नका. त्याने माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे.

सुरुवात

844 फुटांवर हात शिकायचा नाही. आधी करडांसाठी 20 बाय 20 फुटांचा वाडा करा, तो तसाही लागणारच आहे. त्यात चार कोपरे, आठ टेकू, एक लहान फाटक, दोन गुंडाळ्या जाळी, सगळं काम एकदा हातून जातं. कोपऱ्याचे 14 दिवस त्यातही पाळा. मग जाळी ताणून आठ दिवस तसंच राहू द्या आणि कोपऱ्याच्या पोलाला पुन्हा ओळंबा लावा. एक बोटही हलला नसेल तर मोठ्या कुंपणाचे खड्डे आखा. हलला असेल तर टेकूचा पाय उकरून बघा, तो दगडाला टेकलाय का मातीला ते कळेल.

जुन्या कुंपणातली चिलार सगळी उपटू नका. जाळीच्या बाहेर, आपल्याच हद्दीत, तिचे तुटलेले पट्टे राहू द्या. मोकळ्या जागी जूनमध्ये दोन-दोन फुटांवर घायपात लावा. वेल मात्र जाळीवर चढू देऊ नका, ओल धरून तार गंजते. बांध पेटवायची सवय असेल तर जाळीच्या दहा फुटांत तरी आग नको, जळलेल्या जागी जस्त जातं आणि तिथूनच गंज सुरू होतो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा कुंपणाला पूर्ण फेरी मारा. हातात पक्कड आणि 14 गेजच्या तारेचे तुकडे असू द्या. कोपऱ्यातले टेकू आधी बघा.